नांदेड ते लातूर, आकाशातून

नांदेडच्या बसस्थानकावर ‘लातूर किती लांब आहे हो?’ असं विचारलं, तर किलोमीटर कुणी सांगत नाही. ‘तीन तास धरा,’ असं उत्तर येतं. स्वतःची गाडी असेल तर ‘अडीच तासांत पोचाल, रस्ता आता चांगला झालाय.’ विचारलं अंतर आणि मिळाली वेळ, पण ते कुणाला खटकत नाही. रस्त्यावरच्या वाहनाचा वेग साधारण ठरलेला असतो, त्यामुळे किलोमीटर सांगा नाहीतर तास सांगा, ऐकणाऱ्याला दोन्ही कळतं.

विमानाला हा हिशेब लागू पडत नाही. अंतर निम्मं झालं म्हणून उड्डाणाची वेळ निम्मी होत नाही, आणि फार जवळच्या दोन विमानतळांमध्ये तर विमानाचा वेग जवळजवळ निरुपयोगी ठरतो. हे कसं घडतं ते समजून घ्यायला मराठवाड्यातले नांदेड आणि लातूर हे दोन विमानतळ फार सोयीचे आहेत. दोन्हीकडे साधारण २,३०० मीटर लांबीची धावपट्टी आहे. मधे समुद्र नाही, हिमालय नाही. तरीही आज या दोहोंमध्ये नियमित प्रवासी विमान नाही.

नांदेडचा विमानतळ जुना. सार्वजनिक बांधकाम विभागाने तो १९५८ मध्ये बांधला. त्याला आजचं रूप आलं ते २००८ मध्ये. गुरू गोविंदसिंगजींचं नांदेडला १७०८ मध्ये देहावसान झालं आणि त्यांनी गुरुपद ग्रंथसाहिबाला दिलं, त्या गुरू-ता-गद्दीचं ते तीनशेवं वर्ष होतं. देशपरदेशातून येणाऱ्या शीख भाविकांसाठी धावपट्टी वाढवली गेली, नवी इमारत उभी राहिली आणि विमानतळाला गुरू गोविंदसिंगजींचंच नाव मिळालं. लातूरचा विमानतळ १९९१ मधला. शहरापासून बारा-एक किलोमीटरवर, चिंचोलीराववाडीजवळ. २००९ मध्ये राज्यातले पाच विमानतळ एकाच खासगी कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाड्याने दिले गेले, त्यांत हे दोन्ही होते. बाकीचे तीन म्हणजे उस्मानाबाद, यवतमाळ आणि बारामती.

आता अंतर मोजू. वाचकाने कागद-पेन्सिल घेऊन हे स्वतः करून पाहावं, कारण शाळेतल्या गणिताच्या पलीकडचं यात काहीच लागत नाही. नांदेड विमानतळ साधारण १९.१८ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७७.३२ अंश पूर्व रेखांशावर आहे. लातूरचा विमानतळ १८.४१ अक्षांशावर आणि ७६.४७ रेखांशावर. अक्षांशांतला फरक ०.७७ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर, तेव्हा लातूर नांदेडच्या दक्षिणेला साडेपंच्याऐंशी किलोमीटर आहे. रेखांशांतला फरक ०.८५ अंश. रेखांशाच्या रेषा विषुववृत्तापासून ध्रुवांकडे जाताना एकमेकींच्या जवळ येत जातात, म्हणून आपल्या पट्ट्यात एक अंश १११ ऐवजी सुमारे १०५ किलोमीटरचाच भरतो. म्हणजे लातूर नांदेडच्या पश्चिमेला नव्वदला थोडं कमी. दक्षिणेची एक बाजू, पश्चिमेची दुसरी बाजू, आणि आपल्याला हवा आहे तो कर्ण. पायथागोरसचं सूत्र लावलं की उत्तर येतं १२४ किलोमीटर. वैमानिकांच्या भाषेत ६७ सागरी मैल.

दोन्ही बाजू जवळपास सारख्या आल्या, याचा अर्थ लातूर नांदेडच्या जवळजवळ नेमक्या नैऋत्येला आहे. ही दिशा लक्षात ठेवावी, पुढे तिचा उपयोग आहे.

पृथ्वी गोल असताना सपाट कागदावरचं सूत्र कसं चालतं, अशी शंका कुणी घेईल, आणि ती रास्त आहे. चेंडूच्या पृष्ठभागावरून दोन बिंदूंमधली सर्वांत जवळची वाट एका मोठ्या वर्तुळाच्या कंसावरून जाते, त्याला बृहद्वृत्त म्हणतात. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानाची वाट नकाशावर वाकडी दिसते ती यामुळे. पण १२४ किलोमीटरमध्ये पृथ्वीची गोलाई कितीशी जाणवणार? मी हे गणित केलं तेव्हा उत्तराने चकित झालो. समजा, नांदेडपासून लातूरपर्यंत जमिनीच्या पोटातून अगदी सरळ, सुतात बोगदा खणला आणि दोन्ही टोकं एकाच उंचीवर धरली, तर मध्यावर हा बोगदा पृथ्वीच्या वक्र पृष्ठभागापासून तब्बल ३०० मीटर खोल गेलेला असेल. एवढी खोली, पण लांबीत वाचतात किती? फक्त दोन मीटर. म्हणून वक्रता विसरून केलेलं आपलं गणित बरोबरच ठरतं.

पूर्व-पश्चिम अंतराचा आणखी एक परिणाम आहे आणि तो आपल्या पूर्वजांना नीट ठाऊक होता. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. ०.८५ अंशाला सुमारे ३ मिनिटं २४ सेकंद. तेवढ्या फरकाने नांदेडला माध्यान्ह आधी होते आणि लातूरला नंतर. भारतीय ज्योतिर्गणितात उज्जैनवरून जाणारी मध्यरेखा मानत आणि त्या रेषेच्या पूर्वेला-पश्चिमेला असलेल्या गावांसाठी जो संस्कार करत, त्याला देशांतर म्हणत.  लातूर त्या उज्जैनच्या रेषेपासून जेमतेम पाऊण अंश पूर्वेला आहे, हे नकाशात सहज दिसेल.

एटीआर ७२ हे दोन पंख्यांचं, सत्तरेक प्रवाशांचं विमान लहान विमानतळांवर नेहमी दिसतं. उंचावर गेलं की ते ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जातं. १२४ ला ५०० ने भागलं की पंधरा मिनिटं येतात. दोन गावांची नावं घालून अंतर आणि वेळ सांगणारी जी यंत्रं असतात, त्यांतली काही नेमका एवढाच भागाकार करतात. ही पंधरा मिनिटं प्रत्यक्षात कधीच मिळत नाहीत. का, ते पाहू.

विमान नांदेडहून निघालं. धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, तिच्या पश्चिमेकडच्या दिशेला २८ हा आकडा आहे, म्हणजे होकायंत्रावर २८० अंश. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरतं, कारण समोरून येणारा वारा पंखांना फुकटची उचल देतो. पावसाळ्यात मराठवाड्यावर वारा पश्चिमेकडून वाहतो, तेव्हा विमान पश्चिमेकडे उडेल, थोडं डावीकडे वळेल, विष्णुपुरीच्या आसपास गोदावरी ओलांडेल आणि नैऋत्येची वाट धरेल. लोहा डाव्या हाताला राहील. निम्म्या वाटेवर अहमदपूर येईल, तेही डावीकडे, दहा-अकरा किलोमीटरवर. मग रेणापूरच्या जवळून लातूर. लातूरची धावपट्टी मात्र पूर्व-पश्चिम नाही. तिचे आकडे ०५ आणि २३ आहेत, म्हणजे ती ईशान्य-नैऋत्य आहे. नांदेडहून येणारं विमान साधारण २२६ अंशांवर येत असतं आणि धावपट्टी २३० अंशांवर. जणू नांदेडकडे तोंड करूनच ती आखली आहे. पावसाळ्यात विमान न वळता थेट तिच्यावर उतरू शकतं.

हिवाळ्यात वारा उलटतो, पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो. मग नांदेडहून विमानाला लातूरकडे पाठ करून उडावं लागतं आणि हवेत वळसा घ्यावा लागतो. लातूरला पोचल्यावर धावपट्टीच्या पुढे निघून जाऊन, पुन्हा मागे फिरून उतरावं लागतं. अंतर तेच, विमान तेच, पण डिसेंबरातली फेरी जुलैतल्या फेरीपेक्षा पाच-सहा मिनिटांनी लांबते.

याहून मोठा खर्च चढण्या-उतरण्याचा. लहान फेरीसाठी विमान १०,००० फुटांपर्यंत जाईल असं धरू. नांदेड विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,२५० फुटांवर आहे, म्हणजे पावणेनऊ हजार फूट चढायचे. त्याला सात-आठ मिनिटं लागतात, आणि चढताना वेग ताशी ३०० किलोमीटरच्या थोडा वर असतो. तेवढ्यात चाळीस किलोमीटर संपतात. उतरण्याचा वैमानिकांचा एक साधा आडाखा आहे, हजार फूट उतरायला तीन सागरी मैल ठेवावेत. लातूर २,०८० फुटांवर आहे, म्हणजे आठ हजार फूट उतरायचे, त्याला चोवीस सागरी मैल, सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. १२४ मधून हे दोन्ही वजा करा. विमानाला त्याच्या खऱ्या वेगाने सरळ जायला उरतात जेमतेम चाळीस किलोमीटर, म्हणजे पाच मिनिटं! बाकीचा सगळा वेळ ते वेग कमावत असतं नाहीतर वेग घालवत असतं.

हवेतला काळ अशा रीतीने पंचवीस मिनिटांवर जातो. पण विमानाचं वेळापत्रक हवेतला काळ मोजत नाही. जागेवर उभ्या विमानाच्या चाकांखालचे ठोकळे काढले तिथपासून, मुक्कामी ते पुन्हा लावले तिथपर्यंतचा काळ मोजतात, आणि त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. इंजिन सुरू करणं, धावपट्टीच्या टोकापर्यंत चालत जाणं, परवानगीसाठी थांबणं, उतरल्यावर इमारतीपर्यंत येणं, हे सगळं त्यात येतं. हे दहा-पंधरा मिनिटं खातं. नांदेड–लातूरचा ब्लॉक टाइम म्हणून चाळीस मिनिटांच्या आसपास धरावा लागेल. नांदेड–हैदराबाद हे हवाई अंतर सुमारे २४५ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ दुप्पट. तिथे याच विमानाला तास पुरतो. अंतर दुप्पट आणि वेळ दीडपट.

इंधनाचंही तसंच आहे. मुक्कामी उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळावर जाण्यापुरतं आणि शिवाय तिथे अर्धा तास घिरट्या घालण्यापुरतं इंधन टाकीत असावंच लागतं. इतक्या छोट्या फेरीत हे राखीव इंधन प्रत्यक्ष प्रवासाच्या इंधनापेक्षा जास्त भरतं.

आणि ऊन. नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात आहे आणि लातूर बालाघाटच्या पठारावर, सुमारे अडीचशे मीटर वर. उंचावर हवा विरळ, तापली की आणखी विरळ. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही कमी पडतो. यासाठी वैमानिक एक उंची काढतात, जमिनीची नव्हे, हवेच्या घनतेची. प्रमाण मानलेल्या तापमानापेक्षा प्रत्येक अंशाला सुमारे १२० फूट वाढवायचे. लातूरच्या उंचीवर प्रमाण तापमान अकरा अंश येतं. मे महिन्यात दुपारी पारा ४० वर गेला की फरक एकोणतीस अंशांचा, म्हणजे जवळजवळ साडेतीन हजार फूट. २,०८० मध्ये मिळवले की साडेपाच हजारांच्या वर जातात, सुमारे १,७०० मीटर. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर आहे. मे महिन्यातल्या भर दुपारी लातूरच्या धावपट्टीवर उभं असलेलं विमान हवेच्या दृष्टीने कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंच जागी उभं असतं. त्याला जास्त लांब धावावं लागतं, नाहीतर वजन कमी करावं लागतं. लहान विमानतळ आखताना धावपट्टीची लांबी म्हणजे नुसता डौल, असं समजणाऱ्यांनी हे गणित जरूर करून पाहावं.

आता प्रवाशाच्या घरापासून घरापर्यंत हिशेब लावू. नांदेड शहरातून विमानतळावर जायला वीस मिनिटं. तपासणी वगैरेसाठी सव्वा तास आधी पोचायचं. विमान चाळीस मिनिटं. बाहेर यायला पंधरा. चिंचोलीराववाडीहून लातूर शहरात यायला पंचवीस. बेरीज होते पाच मिनिटं कमी तीन तास. म्हणजे एसटीइतकाच वेळ, मोटारीपेक्षा जास्त, आणि तिकीट कितीतरी महाग. शिवाय एसटी दिवसभर सुटते. एखादं विमान असलंच तर ते दिवसातून एकदा असणार, आणि सकाळी अकराला काम संपलेल्या माणसाला संध्याकाळच्या विमानासाठी थांबवणं म्हणजे त्याचा वेळ वाचवणं नव्हे.

मग जवळच्या जवळ विमानं कुठेच उडत नाहीत का? उडतात, आणि अगदी अभिमानाने उडतात. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे अशी दोन बेटं आहेत. त्यांच्यामधलं हवाई अंतर पावणेतीन किलोमीटर. १९६७ पासून तिथे नियमित विमान आहे, वेळापत्रकात त्याला दोन मिनिटं दिलेली आहेत आणि एकदा ते त्रेपन्न सेकंदांत पोचल्याची नोंद आहे. जगातली ही सर्वांत छोटी नियमित विमानसेवा. ती टिकली, कारण मधे थंडगार, खवळलेला समुद्र आहे आणि बेटावरच्या मुलांना शिक्षक व रुग्णांना डॉक्टर त्या विमानातून मिळतात. म्हणजे मधल्या अडथळ्यावर सगळं ठरतं. नांदेड आणि लातूरच्या मधे अडथळा नाही. लोहा, अहमदपूर, चाकूर ही भरलेली गावं आहेत, आणि त्यांना विमानाचा काडीचा उपयोग नाही.

आपल्या सरकारनेही हेच धरलं. लहान शहरांना विमानाने जोडणारी ‘उडान’ योजना आखताना तिच्या मार्गांसाठी २०० ते ८०० किलोमीटर अंतराची चौकट ठेवली गेली. डोंगराळ, दुर्गम आणि बेटांच्या प्रदेशांना खालची मर्यादा लावली नाही. नांदेड–लातूर १२४ किलोमीटरवर त्या चौकटीबाहेर पडतं, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. त्याच योजनेत २७ एप्रिल २०१७ रोजी देशातल्या पहिल्या उड्डाणांमध्ये नांदेड–हैदराबाद विमान निघालं. नंतर नांदेडहून अमृतसरलाही थेट विमान सुरू झालं होतं. अमृतसर म्हणजे सुमारे १,४०० किलोमीटर. नांदेडचं तख्त सचखंड हजूर साहिब आणि अमृतसरचं सुवर्णमंदिर यांना जोडणारी ती वाट. श्रद्धेने जोडलेली ही दोन शहरं विमानासाठी जवळची ठरली.

पण या योजनेतलं नांदेडचं पहिलं विमान हैदराबादलाच का गेलं, या प्रश्नात या प्रदेशाचा इतिहास आहे. नांदेड आणि लातूर हे दोन्ही भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. लातूर तर १९८२ पर्यंत स्वतंत्र जिल्हाही नव्हता, उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होता. राजधानी हैदराबाद, म्हणून रूळ हैदराबादकडे. मनमाडहून निघालेला एक रूळ परभणी, पूर्णा, नांदेड करत सिकंदराबादला गेला. दुसरा परळीहून लातूर रोड, उदगीर, बिदर करत विकाराबादकडे गेला. दोन्ही धागे राजधानीच्या खुंटीला बांधलेले, पण नांदेड आणि लातूरला थेट जोडणारी गाठ मारायची गरज त्या काळी कुणाला वाटली नाही. विमानवाल्यांच्या भाषेत मोठ्या केंद्राभोवतीच्या अशा रचनेला चाकाच्या तुंब्याची आणि आऱ्यांची उपमा देतात. आरे सगळे तुंब्यात जाऊन बसतात, एक आरा दुसऱ्याला मधे कुठे भेटत नाही.

त्याची किंमत आजचा प्रवासी मोजतो. नांदेडहून लातूरला रेल्वेने जायचं तर गाडी आधी पश्चिमेला पूर्णेकडे जाते, म्हणजे लातूरच्या वाटेवरून बाजूला. मग परभणी, तिथून दक्षिणेला गंगाखेड, परळी, लातूर रोड, आणि तिथून मागे पश्चिमेला लातूर. नांदेड–पनवेल गाडी याच वाटेने जाते. हे अंतर २०० किलोमीटरच्या वर भरतं आणि चार-पाच तास खातं. आकाशातून १२४, लोहा-अहमदपूर-चाकूरवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ३६१ ने साधारण १४०, आणि रेल्वेने दोनशेच्या पुढे. रस्ता हवाई अंतरापेक्षा फक्त पंधरा-सोळा किलोमीटरने लांब आहे. सरळपणाच्या बाबतीत या रस्त्याला नावं ठेवायला जागा नाही. रेल्वेला आहे.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले: शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण. दोन्ही शहरांना मुंबई-हैदराबादकडे नेणाऱ्या वाटा मिळाल्या, विमानतळ मिळाले, आणि ते मिळायलाच हवे होते. बाहेरगावी जाणाऱ्या रुग्णाला, विद्यार्थ्याला, व्यापाऱ्याला त्यांची गरज आहे. पण शिकवणीसाठी नांदेडची मुलं लातूरला आणि लातूरची नांदेडला जातात. दवाखान्यासाठी, लग्नकार्यासाठी, बाजारासाठी माणसं या दोन शहरांमध्ये येत-जात असतात. त्यांना विमानाने काही मिळणार नाही, हे वरचं सगळं गणित सांगतं.

त्यांना मिळेल ते लोहा-अहमदपूरवरून लातूर रोडला जाणाऱ्या थेट रेल्वेने. ही मागणी जुनी आहे. तो रूळ झाला आणि गाडी थांबे घेत सरासरी ताशी सत्तर किलोमीटरने जरी धावली, तरी साधारण १४० किलोमीटरला दोन तास लागतील. स्टेशनवर जाण्या-येण्याचा वेळ सोडला तर विमानाने घरापासून घरापर्यंत लागतात त्यापेक्षा जवळजवळ तास कमी, आणि वाटेतल्या प्रत्येक गावाला स्टेशन.